वैशाखातला दोडका

अनसिंगला येऊन शालिकराम बाऱ्याचा पानमळा कुठे म्हणून विचारले, तर लोक रस्ता सांगण्याचे कष्ट घेत नसत. "ओल्या आंगाचा मानूस दिसला का त्याच्या मांगं जा," एवढेच सांगत. त्या हिवाळ्यात शालिकरामने जितक्या आंघोळी केल्या, तितक्या गावच्या म्हशींनी उन्हाळ्यातही केल्या नसतील. सकाळी पाहावे तर तो विहिरीवर, दुपारी पाहावे तर विहिरीवर. कुडकुडत, दात वाजवत, डोक्यावर घागर रिती करतोय आणि तोंडाने कसलेसे स्तोत्र पुटपुटतोय, असे लांबून वाटे. जवळ गेल्यावर कळे की स्तोत्र वगैरे काही नाही, तो थंडीला शिव्या देतो आहे.

शालिकराम पन्नाशीला टेकलेला, बगळ्यासारखा उंच, आणि मान सदा पुढे काढलेला. वेलीखालून वाकून हिंडण्यात जन्म गेला, त्यामुळे उघड्या माळावरसुद्धा तो वाकूनच चाले. बायको पटकीत गेली, एकुलती मुलगी कारंज्याकडे दिली. घरात उरले दोघे, तो आणि त्याची माय हौसाबाई. दोघे म्हणायचे ते शिरगणतीपुरते. घरात सत्ता एकटीची होती.

हौसाबाईचे वय तिला स्वतःलाही ठाऊक नव्हते, पण तिचा कायदा साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होता. नागवेल म्हणजे तिच्या लेखी देवी. जरा विटाळ लागला की वेल रुसते, पाने काळी पडतात, मुळे कुजतात. बाकीचे पानमळेवाले बारीही हे मानत, पण बेताने. चपला बाहेर काढल्या, पाय धुतले की त्यांचे भागे. हौसाबाईचे भागत नसे. मळ्याच्या दाराशी ती काठी घेऊन बसे आणि येणाऱ्याची उलटतपासणी घेई. मयतीला गेला होतास? डोक्यावरून पाणी घे. परसाकडे गेला होतास? डोक्यावरून पाणी घे. लेकराचे ढुंगण धुतलेस? घे पाणी! एकदा पटवारी मोजणीला आला, त्यालाही तिने भर पौषात विहिरीवर पिटाळले. बिचाऱ्याचे दात असे वाजत होते की साखळीच्या कड्या मोजता मोजता तो दोनदा चुकला.

वाशीमचा पानवाला इब्राहीम दर आठवड्याला पाने न्यायला छकडा घेऊन येई. वीस वर्षांत त्याने मळ्याच्या दाराच्या आत पाऊल टाकले नव्हते. "मावशी," तो म्हणे, "मी पानं इकतो, पर वेल कशी असते थे खुदा कसम मले मालूम नाही. गिऱ्हाईक पुसते तं झूट बोलतो."

"झूट बोल," हौसाबाई म्हणे, "पर चपला अंदर आनू नोको."

दिवाळी झाली आणि एका सकाळी ही हौसाबाई मळ्याच्या दाराशी कोसळली. उजवे अंग गेले. तोंड एका बाजूला ओढले गेले. पडली ती कुडाच्या आत नाही, बाहेर. पडतानाही म्हातारीने तेवढे सांभाळले, असे गाव कौतुकाने म्हणे. हकीम येऊन गेला. लकवा आहे, तेल चोळा, पाणी भरपूर पाजा, पाणी कमी पडू देऊ नका, एवढे सांगून तो आपल्या तट्टावर बसला.

तेल सापडले, पाणीही होते. माणूस सापडेना.

माणसे मायाळू होती. पण हौसाबाईचे करायचे म्हणजे तिचे हगणे-मुतणे काढायचे, आणि ते काढले की तिच्याच कायद्याने दर वेळी डोक्यावरून आंघोळ होईपर्यंत मळा बंद. शालिकरामचा चुलतभाऊ उत्तमराव याचा अर्धा मळा त्याच एका कुडात होता. त्याची बायको गिरजाबाई दोन दिवस आली. दोन दिवस तिच्याविना पाने खुडायची राहिली, बाजार चुकला, तिसऱ्या दिवशी उत्तमराव खाली मान घालून सांगायला आला की गिरजीची कंबर धरली. बहीण मनकर्णाबाई सासरहून आली, पंधरवडा राहिली, रडत गेली. तिच्या घरीही एक म्हातारा खाटेला खिळलेला होता. गडीमाणूस कोणी तयार होईना. होता होता सारे शालिकरामवर आले.

पहिल्या दिवशी मायचे लुगडे बदलायची वेळ आली तेव्हा शालिकरामने लाजेने डोळे मिटले. मायनेही मिटले. दोघांचेही डोळे मिटलेले, त्यामुळे काम नीट झाले नाही आणि सारे दुसऱ्यांदा करावे लागले. दुसऱ्यांदा मात्र शालिकरामने डोळे उघडे ठेवले. तिने मिटलेलेच ठेवले, आणि तिच्या चांगल्या बाजूच्या डोळ्यातून पाणी कानात गेले. शालिकरामने ते पुसले नाही. हात धुतलेले नव्हते.

घर मळ्याला लागूनच होते. मायची खाट त्याने खिडकीशी लावली. तिच्या डाव्या हाताशी एक पितळी थाळी आणि उलथणे ठेवले. गरज लागली की तिने थाळी वाजवायची, त्याने मोट सोडून धावायचे, तिचे करायचे, विहिरीवर आंघोळ करायची, मग पुन्हा मोटेवर. मोट चालू असली की चाकाची कुईकुई खिडकीतून ऐकू येई. थाळी वाजली की कुईकुई थांबे.

हिवाळाभर गावाने हे संगीत ऐकले. कुईकुई, ठण ठण, धपधप पावले, मग विहिरीवर पाण्याचा भसाका आणि शालिकरामची शिवी. पोरे त्याला 'पानबुडा' म्हणू लागली. गावात आले की विचारत, "पानबुडेकाका, आज किती डाव?" तो हसून खोकत असे. खोकला पौषात सुरू झाला तो माघातही गेला नाही.

वेली मात्र हसत नव्हत्या. पाण्याची पाळी चुकू लागली. एका अंगाच्या वाफ्याला पाणी मिळे, दुसऱ्याला मिळायच्या आत थाळी वाजे. काही पाने कडेने काळी पडली. उत्तमराव कुडापाशी उभा राहून ती पाने बोटांनी उलटीसुलटी करी.

"शालिक, तू आंग धुतो ना रे बरोबर?"

"आता कातडं सोलून टाकू का दादा?"

"नाही, मी म्हनतो… डोक्श्यावरून घेतो ना पानी?"

"घेतो. माय इचारते."

आणि हौसाबाई खरेच विचारी. बोलणे जवळजवळ गेले होते, पण तो घरातून निघताना ती डावा हात डोक्याकडे नेई आणि घागर उपडी केल्यासारखा वळवी. सारे गेले, कायदा राहिला.

होळीच्या सुमाराला मात्र चमत्कार झाला. थाळी कमी वाजू लागली. दिवसातून चारदा वाजणारी ती दोनदा वाजे, मग एकदा, मग एखाद्या दिवशी नाहीच. लुगडी कोरडी. शालिकराम सकाळी पाण्याचा गडवा भरून उशाशी ठेवी, तो दुपारी रिकामा सापडे. पुन्हा भरी, संध्याकाळी पुन्हा रिकामा. म्हणजे हकीम म्हणाला तसे पाणी पोटात जात होते, आणि अंगाला ताबा येत होता. आणखी काय पाहिजे?

मोट सलग चालू लागली. वाफे भिजू लागले. शालिकरामचा खोकला थांबला. त्या आनंदात तो एक आयुष्यभर कोणी विसरू नये असा मूर्खपणा करून बसला. बाजारातून त्याने गूळ आणला आणि दारोदार वाटला.

"कायचा गूळ शालिकराम?"

"मायले बरं वाटून राह्यलं. आता सोताहून रोकते."

पंच्याऐंशीच्या घरातल्या बाईला मूत रोखता येते म्हणून गूळ वाटणारा हा अनसिंगमधला पहिलाच माणूस. पण लोकांनी खाल्ला. कोणी म्हटले देवी पावली. उत्तमराव तर म्हणाला, वेलीचीच कृपा, आपण विटाळ पाळला म्हणून. मायच्या तोंडात शालिकरामने स्वतः गुळाचा खडा ठेवला. तिने तो गालात धरला. तो गेल्यावर थुंकला असावा, कारण दुसऱ्या दिवशी उशीला मुंग्या लागल्या होत्या. त्या मुंग्या शालिकरामने झटकल्या. मुंग्यांवरून कोणी एवढा विचार करतो काय?

माय दिवसभर झोपून राहू लागली. बरेच झाले, त्याला वाटले, इतक्या वर्षांची झोप राहिली होती तिची. भाकरी अर्धीही खाईना. म्हातारपणी भूक मरतेच. कधी कधी ती त्यालाच 'दाजी' म्हणे. दाजी म्हणजे त्याचा बाप, मरून तीस वर्षे झालेला. शालिकराम हसे, "माय, मी शालिक. दाजीचं टक्कल होतं." तिचे ओठ तडकले होते. त्यांना तो लोणी लावी.

वैशाख लागला. जमीन भेगाळली. ओढ्याचे डबके झाले. विहिरीत पाणी खाली गेले, बैल फेऱ्या मारून फेस गाळू लागले, आणि तरी वेलींच्या पानांना तजेला नव्हता. अशा दिवसांत दुपारी इब्राहीमचा छकडा आला. बैल सोडून तो घराच्या भिंतीशी सावलीला टेकला, टोपीने वारा घेतला, परत डोक्यावर घातली. तेवढ्यात त्याला तो वेल दिसला.

मायच्या खिडकीखाली, भिंतीच्या मुळाशी, दोडक्याचा एक वेल चढला होता. हिरवागार, पिवळ्या फुलांचा, मनगटाएवढे दोडके लोंबत असलेला. सारा गाव करपत होता आणि हा वेल लग्नाला निघाल्यासारखा सजला होता.

"अरे शालिकभाऊ! ये क्या बाप्पा? पानवेलीले छोडून तू दोडक्याची भक्ती करून राह्यला का?"

"मी कायले करू?" शालिकराम पानांचे गठ्ठे आणून ठेवत म्हणाला. "आपल्या मनानंच उगवला. पाखरानं बी टाकलं असन."

"बी टाकलं असन. पर पानी कोन टाकते?"

"कोनीच नाही."

"वैशाखात? बिनपान्याचा दोडका? मंग तुह्या पानवेलीले शिकव ना त्याच्याकडून…"

हे वाक्य इब्राहीमला पुरे करता आले नाही, कारण वरून त्याच्या टोपीवर पाण्याची धार पडली.

तो ओरडत उठला. खिडकीतून लकव्याच्या म्हातारीच्या अंगावरचे काय काय पडू शकते, याचा सारा हिशेब एका क्षणात त्याच्या चेहऱ्यावर उमटला. "या अल्ला, मावशीनं माह्यावर…" म्हणत त्याने टोपी काढली आणि नाकाशी नेली. पुन्हा वास घेतला. ओले बोट जिभेला लावले.

"शालिकभाऊ," तो हळू म्हणाला, "पेयाचं पानी हाय."

दोघांनी वर पाहिले. खिडकीच्या गजांतून एक हात बाहेर आला होता, वाळलेल्या शेंगेसारखा. हातात पितळी गडवा. शेवटचे थेंब झटकण्यापुरता तो थरथरला आणि आत गेला.

शालिकरामच्या डोक्यात कोरडी लुगडी आली, मुकी थाळी आली, दारोदार वाटलेला गूळ आला. मग तो धावला.

घरात जाऊन त्याने आधी काय केले असेल, तर तो मायवर ओरडला. त्याचे त्यालाच पुढे नवल वाटे. "काहून? काहून ओतते पानी? मरतं का? जहर हाय का त्याच्यात?" गडवा तिच्या हातातून हिसकला. तिचा हात धरला, तर हाताची कातडी चिमटीत धरली तशीच उभी राहिली. तोंडात बोट घातले. जीभ सुकून खरखरीत झालेली, चुलीशी राहिलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी.

हौसाबाईने डोळे उघडले. या वेळी तिने त्याला दाजी म्हटले नाही. ओढलेल्या तोंडातून, एकेक अक्षर खेचत तिने दोन शब्द काढले.

"मोट… थांबते."

शालिकराम खाली बसला.

तिला खिडकीतून सारे ऐकू येत होते. थाळी वाजली की कुईकुई थांबते, हे तिने हिवाळाभर ऐकले होते. एकेका घोटाचे काय होते हे तिने मोजले होते. घोट पोटात गेला की थाळी, थाळी वाजली की आंघोळ, आंघोळ झाली की कोरडा वाफा. तिने आयुष्यभर दाराशी बसून लोकांना अडवले होते. आता आपल्याच तोंडाच्या दाराशी बसली होती.

"पे," त्याने गडवा पुन्हा भरून ओठाशी नेला. तिने दात आवळले. पाणी हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून उशीत. "पे व माय. तुह्या पाया पडतो. मळा गेला खड्ड्यात!"

हे तो बोलायला नको होता. तिने मान भिंतीकडे वळवली.

दारात इब्राहीम ओली टोपी हातात घेऊन उभा होता. "हकीमले आनू?"

"हकीम काय करन? थो दात उघडन काय तिचे?" शालिकराम उठला. घरभर पाहिले. थाळी, उलथणे, तेलाची बुधली, खाट. बाहेर बैल जुंपल्याविना उभे होते, चाक गप्प होते, आणि ते गप्प आहे हे आत खाटेवर ऐकले जात होते. त्याला तेवढेच समजले. चाक फिरले पाहिजे आणि तो मायजवळ पाहिजे. दोन्ही एका जागी होईल अशी एकच जागा होती.

"इब्राहीम, खाटीचं पायथं धर."

"कुठी नेतो?"

"मळ्यात."

इब्राहीमने आधी त्याच्याकडे पाहिले, मग खाटेकडे, आणि पायथे धरले. हौसाबाईला अंगणात आल्यावर समजले आपण कुठे निघालो ते. तिचा डावा हात खाटेच्या ठाव्यावर, पायाच्या खुंटावर, आपटू लागला. "नोको. नोको." जेवढा आवाज उरला होता तेवढ्याने.

मळ्याच्या दाराशी उत्तमराव आडवा झाला. "शालिक! भैकला का? खाट? अशी? वेल बसन ना आपली!"

"बाजूले हो दादा."

"काकू सोता नाही म्हनून राह्यली! आयकत नाही का?"

"पन्नास साल आयकलं. आज नाही आयकत."

उत्तमरावच्या बाजूने धर्म होता, अर्धा मळा होता आणि खाटेवरची म्हातारी होती. शालिकरामच्या बाजूने फक्त खाटेचे ठावे होते, आणि ते थेट उत्तमरावच्या गुडघ्यांवर चालून येत होते. उत्तमराव बाजूला झाला.

इब्राहीम मात्र उंबरठ्याशी थबकला. वीस वर्षांची सवय. हातात खाट, पाय बाहेर. तो वाकून म्हणाला, "मावशी, येऊ का?"

हौसाबाईने त्याच्याकडे पाहिले. ओठ हलले. "चप्… ला."

"काढल्या मावशी. कवाच्या काढल्या."

कुडाच्या आत हिरवा अंधार होता. पांगाऱ्याच्या खोडांवर वेली चढलेल्या, ऊन गाळून गाळून खाली उतरत होते. दोन वाफ्यांमधल्या पाटाशी त्यांनी खाट टेकवली. इब्राहीम वर बघत राहिला, वीस वर्षे ज्या वेलीबद्दल खोटे बोललो ती अशी असते तर.

"दादा, मोट हाक," शालिकराम बाहेरच्याला म्हणाला.

"मी? याच्यानंतर?"

"हाक म्हनतो ना! वेल तुहीबी हाय."

कुरकुरत, कुणाच्या तरी नावाने बोटे मोडत उत्तमरावने बैल जुंपले. चाक बोलू लागले. कुईकुई. हौसाबाईचा आपटणारा हात थांबला. ती कान देऊन ऐकत होती. पाण्याची जीभ पाटातून पुढे सरकत आली, काडीकचरा ढकलत, आणि खाटेच्या पायाला वळसा घालून वाफ्यात शिरली. शालिकरामने तिथूनच गडवा भरला.

"चालू हाय माय. पाह्य, चालू हाय. मी बी अठीच हावो. आता पे."

तिने दात आवळलेलेच होते. चाक फिरत राहिले. तो गडवा धरून तसाच वाकून उभा. किती वेळाने तरी तिचा जबडा ढिला पडला, आणि पाण्याचा घोट आत गेला. ठसका लागला. पुन्हा घोट. इब्राहीमने तोंड फिरवून टोपी डोळ्यांवर ओढली.

इब्राहीमने निरोप धाडलेला हकीम संध्याकाळी आला. उशीर झाला आहे, म्हणाला. मुताची वाट आटली की ती एकदम वाहत नाही, बघू, पाजत राहा. शालिकराम पाजत राहिला.

दिवस मावळतीला गेला तेव्हा खाटेच्या सुतळीखालून थेंब टपकू लागले. मळ्याच्या मातीवर, वेलीच्या मुळापासून हातभर अंतरावर. हौसाबाईच्या घशातून एक आवाज निघाला, जनावराला डागताना निघतो तसा. शालिकराम गुडघ्यांवर बसला.

"होऊ दे," तो म्हणाला. "होऊ दे व माय."

त्याने तिचे केले. कोरडे लुगडे गुंडाळले. मग उठला. समोरच एक वेल खोडावरून सुटून खाली लोंबत होती. दिवसभरात कोणाचे तिच्याकडे लक्ष गेले नव्हते. विहीर दारापलीकडे होती. त्याने तिकडे पाहिले, आणि मग तिथेच खाली वाकून लव्हाळ्याची काडी उचलली. ओल्या, न धुतलेल्या हातांनी वेल खोडाशी लावली. आयुष्यात हजारो वेली बांधलेल्या त्या हातांना गाठ सापडेना.

त्याने मान वळवून खाटेकडे पाहिले. हौसाबाई त्याच्याकडेच बघत होती, टक्क.

मग तिने डोळे मिटून घेतले. झोप आली म्हणून नव्हे. उघडे ठेवले असते तर हात डोक्याकडे न्यावा लागला असता.